आरशातला पिवळा दिवा

लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत, भर दुपारी, कडेला लावलेल्या कुणाच्यातरी मोटारसायकलच्या आरशात अनुजाला पिवळा दिवा दिसला. ती आपलं हेल्मेट पोटाशी धरून, मिरच्यांच्या पोत्यांना वळसा घालत चालली होती. आरसा बशीएवढा, धुळीने अर्धा माखलेला. त्यात मागची गल्ली उभी होती, लाल पोती, ताडपत्र्या, घामेजलेली डोकी, आणि त्या सगळ्यांतून हळूहळू मोठा होत येणारा एक पिवळा ठिपका. तिचे पाय जागीच थांबले. आला, असं तिच्या आतून कुणीतरी म्हणालं, आणि डोक्यावरची पाटी कुणी हात लावून उतरवून घ्यावी तसं तिला हलकं वाटलं, इतकं हलकं की डोळ्यांत पाणी आलं. मागून येणारी बाई तिच्यावर आदळली, मधेच काय उभी राहतेस गं, भांग पाडायचाय काय आरशात, असं म्हणून पुढे गेली. ठिपका जवळ आला. हातगाडीवर पितळेची मोठी परात होती आणि परातीत ऊन होतं. हातगाडीवाला साइड साइड करत निघून गेला, परातीतलं ऊन तिच्या अंगावरून सरकलं, आणि मग नुसता डंक्यांचा आवाज राहिला, धप धप, मिरची कुटणाऱ्या लोखंडी मुसळांचा, आणि नाकातोंडात जाणारा खकाणा. लोकांना वाटलं असेल, मिरचीनेच रडतेय. या गल्लीचं एवढं बरं आहे, इथे रडणाऱ्याला कुणी का म्हणून विचारत नाही.

मालनकाकींचा फोन परवा आला होता. शनिवारी ये गो, म्हणाल्या, आणि येताना तुझं हेल्मेट घेऊन ये. का, कशाला, हे विचारायच्या आत त्यांनी फोन ठेवला. फोनवर लांबण लावणं त्यांना जमतच नाही. थंडीत घाटात उन्मेष गेला, तेव्हापासून ती अधूनमधून त्याच्या आईकडे, या घरी येत होती. चहा व्हायचा, सुपात मिरच्या असल्या तर दोघी देठ काढायच्या, काकी चाळीतल्या कुणाकुणाच्या गोष्टी सांगायच्या. घाटाचा विषय दोघींपैकी कुणीही काढला नव्हता. त्या एवढ्याशा खोलीत जणू एक स्टूल होतं, ज्याच्यावर कुणी बसत नव्हतं आणि ज्याला वळसा घालूनच दोघी वावरत होत्या. पण काकी एक दिवस विचारणार, हे तिला ठाऊक होतं. त्यांनी विचारलं की सांगावं लागणार होतं. आणि सांगितलं की जगातलं हे एकच दार, जिथे अजून कुणी उन्मेषचं नाव नुसतं सहज, भाजीत मीठ टाकावं तसं बोलण्यात टाकतं, ते तिला बंद होणार होतं. हेल्मेट कपाटावर पिशवीत पडून होतं. काढलं तर आतल्या अस्तराला अजून धुक्याचा ओलसर वास होता, की तिलाच तसं वाटलं. दादरहून येताना बसमध्ये ती ते मांडीवर घेऊन बसली, कुणाचा तरी डबा परत द्यायला निघाल्यासारखी.

अनुजा-उन्मेषचा मोटारसायकलींचा ग्रुप काही मोठा नव्हता. बँकेतला एक, शाळेतली एक, दोघे जाहिरातवाले, अशी चार ठिकाणची माणसं. पहाटफेरी हे नाव पुष्करने दिलेलं. पुष्कर रांगेत पुढे असायचा, म्हणून नाव देण्याचा मानही त्याचाच. रविवारी उजाडताना परळच्या पुलाखाली जमायचं, चाकांतली हवा बघायची, ब्रेक दाबून बघायचे, मग गोल करून उभं राहायचं आणि पुष्करने म्हणायचं, रस्ता सगळ्यांचा, गाडी ज्याची त्याची, जबाबदारी पण ज्याची त्याची. सगळे हो म्हणायचे. पण या बोलण्याच्या खाली आणखी एक नियम होता आणि रांग खरी त्याच्यावर चालायची. प्रत्येकाने आपल्या आरशात मागच्याचा दिवा सांभाळायचा. दिवा दिसेनासा झाला की हळू व्हायचं, तरी दिसला नाही तर थांबायचं. मग आपला दिवा पुढच्याच्या आरशातून जातो, तो हळू होतो, त्याच्या पुढचा हळू होतो, आणि हॉर्न नाही, फोन नाही, दोरा ओढावा तशी आख्खी माळ जागच्या जागी उभी राहते. अनुजाला हा नियम फार आवडायचा. ऑफिसात आठवडाभर जो तो पुढच्याच्या पाठीकडे बघत धावत असतो. इथे पुढे जायचं तर मागे बघावं लागत होतं. रांगेत सगळ्यांत शेवटी असणाऱ्याला राखण म्हणायचे. हे नाव उन्मेषचं. आमच्या गावच्या वेशीवर राखणदार असतो, दिसत नाही पण असतो, तसा मी, असं तो म्हणायचा, आणि शेवटची जागा त्याने दुसऱ्या कुणाला कधी दिली नाही. शेवटच्याला सगळे दिसतात, सगळ्यांचे लाल दिवे ओळीने. शेवटच्याला बघणारं मात्र एकच माणूस असतं, त्याच्या लगेच पुढचं. उन्मेषच्या पुढे अनुजा असायची. राखणदाराची राखण तिच्याकडे होती.

उन्मेष लिफ्ट दुरुस्त करायचा. वरळीच्या टॉवरांमधून त्याचा आठवडा खाली-वर जायचा, म्हणून रविवारी मला आडवं जायला आवडतं, असं तो सांगायचा आणि त्यावर स्वतःच आधी हसायचा. गाडी जुनी, काळी, जड. ती पहिल्यांदा दारात आली त्या दिवशी मालनकाकींनी तिच्यावर ओवी रचली होती. काकी कशावरही ओवी रचायच्या. कोकणात त्यांची आई जात्यावर बसून रचायची; इथे लालबागला जातं नव्हतं, मसाल्याच्या दुकानातून निवडायला आणलेल्या मिरच्यांचं सूप होतं, पण तोंड तेच. नळाला पाणी आलं नाही, ओवी. शेजारणीची सून रुसली, ओवी. गाडीवरची ही अशी:

बाळानं घेतली घोडी, पिती पेट्रोलाचं पाणी
दारात उभी राहाते, साऱ्या चाळीची ती राणी

आख्ख्या चाळीने ती पाठ केली, आणि उन्मेषने किक मारली की गॅलरीतून कुणीतरी ओरडायचंच, राणी निघाली. राणीचा दिवा पिवळा होता, जुन्या बल्बचा. बाकी सगळ्यांचे पांढरेशुभ्र, डोळ्यांत घुसणारे. पुष्कर दर वेळी म्हणायचा, अरे बदल तो, देवळातली समई घेऊन कुठे हिंडतोस. उन्मेष बदलणारही होता. नको म्हणाली ती अनुजा. राहू दे रे, म्हणाली, पांढऱ्यांत पांढरा, तुझा कुठला ते कळणार नाही. पिवळा म्हणजे तू, मला एका नजरेत कळतं. तो हसला आणि दिवा राहिला. आपलं ते बोलणं तिने नंतर किती वेळा तोंडात घोळवलं असेल. जिभेला काटा टोचावा तसं ते त्याच जागी टोचायचं. आरशात तो दिवा दिसला की ती अंगठा वर करायची, आणि तो दिवा एकदा मंद करून पुन्हा मोठा करायचा. म्हणजे, आहे. याहून जास्त बोलणं दोघांत झालं नव्हतं. व्हायचं होतं की नव्हतं, हेही कुणी कुणाला विचारलं नव्हतं. रविवार पुष्कळ पडलेत, असं दोघांनाही वाटत होतं.

त्या दिवशी घाट उतरताना धुकं आलं. ओलं पांढरं फडकं तोंडावर बसावं, तसं. थांबायला हवं होतं. पुष्करला थांबवता आलं असतं, त्याला वाटलं खाली चहाच्या टपरीशीच थांबू. उन्मेषचं मागचं टायर झिजलं होतं, बदलतो बदलतो म्हणत होता. आणि अनुजाला सारखं वाटत होतं थांबावं, हात वर करून रांग थांबवायचा हक्क प्रत्येकाला होता, तिने हात वर केला नाही, कारण बाकी कुणी केला नव्हता. नंतर घरी बसून ती हे सगळ्यांचे वाटे पुन्हा पुन्हा मांडून बघायची, आणि दर वेळी सगळ्यांत मोठा वाटा तिच्याच पानात पडायचा. एका वळणानंतर आरशातला पिवळा दिवा गेला. ती हळू झाली. पुढचं वळण घेतलं, घाटातल्या वाडीचा फाटा मागे पडला, तरी आरशात नुसतं पांढरं. तिने कडेला पाय टेकला. मग त्या पांढऱ्यातून तो उगवला, आधी डाग, मग दिवा, पिवळा, एकटा, सावकाश येणारा. आला, असं तिच्या आतून कुणीतरी म्हणालं. तिने अंगठा वर केला. गाडी खड्ड्यातून गेली असेल. दिवा एकदा मंद झाला आणि पुन्हा मोठा झाला. म्हणजे, आहे. तिथून खाली घाट संपेपर्यंत तिने त्या दिव्याला जपलं. तो मागे पडला की ती वेग कमी करायची, वळणावर थांबायची, तो दिसला की निघायची. आणि तिच्यासाठी पुढची सगळी रांग हळू होत होती. एवढं सांभाळून तिने आयुष्यात कुणाला कुठे नेलं नव्हतं. तिला आनंद होत होता. हेल्मेटच्या आत ती राणीची ओवी गुणगुणत होती. खाली टपरीशी सगळे उतरले, हात चोळू लागले, पिवळा दिवाही आला, आणि त्याच्यामागे दोन्ही अंगांना दुधाची कॅनं लटकवलेली गाडी होती, आणि गाडीवर कानटोपी घातलेला एक अनोळखी माणूस. फाट्यावरून लागलेला. त्याने अनुजाकडे बघून मान लववली, जशी देवापुढे लववतात, आणि पुढे निघून गेला. "उन्मेष कुठंय?" पुष्करने विचारलं. सगळ्यांत त्याने तिलाच विचारलं, कारण तिलाच विचारायचं असतं.

परत वर जाईपर्यंत धुकं विरळ झालं होतं. फाट्याच्या वरच्या वळणाखाली, गवतात, राणी आडवी पडली होती. दिवा चालूच होता. गवताची पाती त्या उजेडात सोन्यासारखी दिसत होती. उन्मेष दगडाला टेकून बसला होता. बसला होता. हेल्मेट त्याने स्वतःच्या हाताने काढून शेजारी ठेवलं होतं, आणि दोन्ही हातमोजे एकात एक घालून हेल्मेटच्या आत. चहाला थांबले की तो ठेवायचा, तसेच. मार पोटात होता. बाहेरून फारसं काही दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वेळ गेला असणार बराच. पुष्करने परतीच्या वाटेवर सगळ्यांना बाजूला घेऊन सांगितलं, त्याच्या आईला यातलं काही सांगायचं नाही, लगेच गेला असं सांगायचं. सगळे हो म्हणाले, जसे निघताना म्हणायचे. पोलीस चौकीत पुष्कर म्हणाला, साहेब, जबाबदारी ज्याची त्याची असते, आम्ही आधीच सांगतो सगळ्यांना. अनुजाकडे कुणी बोट दाखवलं नाही. अगं कुणालाही तसंच वाटलं असतं, म्हणाले, पाठीवरून हात फिरवला. खरंच होतं ते. कुणालाही तसंच वाटलं असतं. पण त्या वेळी त्या जागी 'कुणीही' नव्हतं, ती होती. पहाटफेरी मोडली. तिने आपली गाडी पुण्याला भावाकडे पाठवून दिली. पण आरसे कुठे पाठवणार, ते तर या शहरात प्रत्येक वळणावर, प्रत्येक दारात, कडेला लावलेल्या प्रत्येक गाडीवर होते, आणि तिला बघायला लावत होते.

चाळ अर्धीअधिक रिकामी झाली होती. पाडून टॉवर बांधणार होते. जिन्यात बोचकी, उपड्या खाटा, कुणाच्या लग्नातला मोठा फोटो भिंतीकडे तोंड करून. खाली अंगणात राणीवर नेहमी ताडपत्री असायची, ती आज काढलेली होती. घासूनपुसून गाडी लखलखत होती. वाकलेलं हँडल कुणा मित्राने सरळ करून दिलं होतं. डावा आरसा नव्हता, उजवा होता. अनुजा त्यात न बघता जिना चढली.

"आलीस? ठेव ते हेल्मेट कोपऱ्यात. आधी खाऊन घे," काकी म्हणाल्या, आणि बशी पुढे केली. बशीत खरवस होता, गुळाचा, वेलचीचा, सुरीने कापलेल्या चौकोनी वड्या, कडेला पाझरलेलं पिवळसर पाणी. काकी नेहमीसारख्या भिंतीला टेकून, सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. देठ मोडल्याचा बारीक आवाज होत होता, टक, टक. हेल्मेट कशाला आणायला सांगितलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि अनुजाने विचारलं नाही. ती खाऊ लागली. उन्हातून आलेल्या घशाला तो थंड, मऊ खरवस इतका बरा वाटला की तिला वाटलं, आजही काही विचारणार नाहीत, आजचाही दिवस जाईल.

"कुठून आणलात, काकी? इतका दाट इथे मिळत नाही."

"रामदासांनी आणला," काकी म्हणाल्या. देठ मोडला. "ते दूधवाले. घाटातले."

घास अनुजाच्या तोंडातच राहिला. तो गिळता येईना आणि टाकताही येईना. चीक तापवून, गूळ विरघळवून, वाफेवर तो ज्याच्या घरी केला असेल त्या माणसाला तिने घाटाखाली सुखरूप पोचवलं होतं, आणि त्याची गोडी आता तिच्या जिभेवर पसरत होती. काकी खाली सुपात बघत सांगत राहिल्या, चाळीतल्या गोष्टी सांगायच्या त्याच आवाजात. रामदास बायकोला परळच्या हॉस्पिटलात दाखवायला आणतात. शिमग्याच्या सुमाराला पहिल्यांदा आले, चौकीवरून पत्ता घेऊन. दारात उभे, आत येईनात. पाणी दिलं तर तांब्या हातातच धरून राहिले आणि म्हणाले, बाई, माफी मागायला आलोय, मी मधे आलो. त्या दिवशी त्यांना वाट दिसत नव्हती. पुढे एक लाल दिवा होता, त्याच्या आधाराने उतरत होते. तो दिवा वळणावर थांबायचा, हे जवळ आले की पुढे सरकायचा. त्यांना वाटलं, देवानेच कुणाला तरी धाडलंय आपल्यासाठी. ती बाई दुसऱ्याच कुणासाठी थांबत होती, हे त्यांना दुसऱ्या दिवशी टपरीवर कळलं. लगेच दिव्याची पिवळी काच बदलली त्यांनी, पण झोप लागत नाही म्हणाले.

"काकी, मी सांगणार होते," अनुजा म्हणाली. "मी येते ती दर वेळी सांगायलाच येते. आणि तो लगेच..."

"लगेच नाही गेला. म्हाईत हा माका." काकींनी मान वर केली. बोलता बोलता त्यांच्या जिभेवर गावची बोली आली होती, आणि ती आली की समजावं, मनात आहे तेच बाहेर येतंय. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे. हातमोजे एकात एक घातलेले आले ना घरी. लगेच जाणारं माणूस हातमोजे आवरून ठेवतं काय गो? बसला होता तो. वाट बघत होता." खाली कुठेतरी डंका चालू होता. "तुझा राग येत नाही असं नाही. येतो. मिरच्या निवडताना येतो, नळावर उभी असले तरी येतो. त्या रामदासांचा येतो, त्या पुष्करचा येतो. त्याचा स्वतःचा सगळ्यांत जास्त, टायर बदल म्हणून मी कितीदा सांगितलं होतं. मग दारात तुझी चप्पल वाजते, आणि मी चहाचं आधण ठेवायला उठते. काय करू, सांग."

इतके दिवस तिने मनात जी वाक्यं रचून ठेवली होती ती सगळी आता जुन्या पत्त्यांसारखी झाली होती, तिथे कुणी राहतच नव्हतं. काकींनी पुन्हा सूप पुढे ओढलं, आणि मान खाली घालून, जवळजवळ ऐकू येणार नाही अशा आवाजात, मिरच्यांना सांगितल्यासारखी ओवी म्हटली:

डोंगराच्या वाटंवरी दिवा कुणाचा हालतो
मला वाटं माझा बाळ, वाटसरू गं चालतो

रामदास आले त्या रात्री सुचली, म्हणाल्या. 'मला वाटं' हे मी तुझ्या तोंडून म्हटलंय, हेही म्हणाल्या. आणि मग, बशीतला उरलेला खरवस तिच्याकडे सरकवत, "कुणाला तरी आणलंस गो खाली. त्या आजारी बाईचा नवरा आणलास. माझा तेवढा वर राहिला." त्यात दोष होता की नव्हता, हे अनुजाने शोधलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि काकींनी त्या एकाच बशीत वाढल्या होत्या. तिने खरवस संपवला. तो संपवायचा असतो, एवढं तिला कळलं.

मग हेल्मेटचं कळलं. चाळ खाली करायची होती, आणि राणी गिरगावात कमलमावशींकडे, काकींच्या बहिणीकडे ठेवायची होती. टेम्पो सांगितला होता. काकींनी तो परत पाठवला. "माझ्या झिलाची गाडी आडवी पडून नाय जायची. एकदा पडली ती पुरे. तू चालव. मी मागे बसते." आयुष्यात त्या या गाडीवर बसल्या नव्हत्या. तो बसवतो बसवतो म्हणायचा आणि त्या भ्यायच्या. अनुजा आपल्या हातांकडे बघत राहिली. थंडीपासून या हातांनी हँडल धरलं नव्हतं. काकी, मला नाही जमणार, असं ती म्हणाली, निदान म्हणायला लागली. "मागे मी आहे ना," काकी म्हणाल्या, आणि उठल्या.

शेजारणीच्या मुलाचं हेल्मेट त्यांनी आधीच मागून ठेवलं होतं. ते घातल्यावर म्हणाल्या, डोक्यात टोप उपडा घातल्यासारखं वाटतंय, भात शिजेल आत. अनुजाने त्यांच्या हनुवटीखाली पट्टा ओढला, बोट आत घालून बघितलं, सैल वाटला म्हणून पुन्हा ओढला. हनुवटीची कातडी मऊ होती आणि तिथे एक नस उडत होती. हे असं बोट घालून बघणं, तिला आठवलं, निघण्याआधी उन्मेष सगळ्यांचं बघायचा, पुष्करचंसुद्धा, आणि त्याचं कुणी बघत नसे. खाली आल्यावर काकींनी पिशवीतून ते हातमोजे काढले. अजून एकात एक घातलेले. त्यांनी एक दुसऱ्यातून ओढून बाहेर काढला, थोडा वेळ दोन हातांत दोन धरून ठेवले, आणि मग तिच्यापुढे केले. तिच्या बोटांच्या पुढे मोज्यांची टोकं रिकामी राहिली.

किल्ली फिरवली तर दिवा लागला. दिव्याचं बटण चालूच राहिलं होतं. मित्राने हँडल सरळ केलं, पण ते बटण बंद करायचं त्याच्याही मनात आलं नसेल, की हात धजला नसेल. उन्हातसुद्धा जिन्याच्या अंधाऱ्या तोंडावर तो पिवळा उजेड पडला, खालच्या पायरीवर बसलेली मांजर त्यात डोळे मिटून बसून राहिली. बंद करायला अनुजाचा अंगठा बटणावर गेला, तिथेच थांबला, आणि परत आला. गॅलरीत राहिलेली चार माणसं कठड्याशी उभी होती. राणी निघाली, असं या वेळी कुणी ओरडलं नाही.

ती फार सावकाश चालवत होती. दर खड्ड्याला आधी सांगत होती, काकी, धरा. काकींचे दोन्ही हात तिच्या खांद्यांवर होते, आधी घट्ट, मग नुसते ठेवलेले. उजव्या आरशात रस्ता अर्धाच दिसत होता. अर्ध्या आरशात काकी होत्या, हेल्मेटच्या काचेमागे डोळे मिटलेल्या, मग उघडलेल्या, मग दुकानं बघत असलेल्या. मागच्या गाड्या त्यांच्या खांद्यावरून डोकावत होत्या, त्यांचे दिवे तिला मोजता येत नव्हते, आणि तिने ते मोजलेही नाहीत. चिंचपोकळीपाशी एका टॅक्सीवाल्याने खिडकीतून हात काढून मूठ मिटली, उघडली, मिटली, उघडली. तिने मान हलवली. सात रस्त्याला हवालदाराने शिट्टी तोंडात धरून तेच केलं. मुंबई सेंट्रलपाशी बसची वाट बघणाऱ्या एका बाईने हातातली पिशवी खाली ठेवली, मुद्दाम खाली ठेवली, आणि मूठ मिटून उघडून दाखवली. अनुजा प्रत्येकाला मान हलवत होती आणि दिवा तसाच होता. या शहरात इतकी माणसं न ओळखता एकमेकांच्या दिव्याकडे बघत असतात, हे तिच्या आजवर ध्यानात आलं नव्हतं. ती रडत होती, आणि इथे तर मिरचीही नव्हती.

लॅमिंग्टन रोडच्या सिग्नलला शेजारच्या रिकाम्या टेम्पोतल्या क्लीनरनेही मूठ उघडून मिटली. काकी पुढे वाकल्या. दोन हेल्मेटं एकमेकांवर टक्क आपटली.

"हे लोक हात काय करतायत गो मघापासून? ओळखीचे हत काय तुझ्या?"

"नाही काकी. दिवसा दिवा चालू राहिलाय, ते सांगतायत."

काकींची खांद्यावरची बोटं जराशी आवळली.

"म्हणजे दिसतोय सगळ्यांका."

"हो. दिसतोय."

"मग राहू दे."

सिग्नल सुटला. पुढे एक स्कूटर निघाली, आणि तिच्या आरशात राणीचाच पिवळा ठिपका होता. अनुजाने तो बघितला. मग अंतर राखून, घाई न करता, ती त्याच्या मागोमाग ऑपेरा हाऊसकडे वळली.